बडोद्यात हात धरणारी माणसं

1875 साली कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ बडोद्याच्या गादीवर दत्तक येऊन सयाजीराव झाला, तेव्हा त्याला धड लिहितावाचता येत नव्हतं. त्याला शिकवायला इंग्रज अधिकारी एलियट नेमले गेले. 1881 मध्ये सगळा कारभार हाती येण्याआधी दिवाण टी. माधवरावांनी त्याला राज्यकारभाराचे धडे दिले. सयाजीरावांनी पुढे 1893 मध्ये अमरेलीत आणि 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्यात या दिवसांचा वाटा असावा असं मला नेहमी वाटतं.

पण राजवाड्यातल्या मुलाला गुरू मिळणारच. परळच्या चाळीतल्या भीमरावाला, म्हणजे पुढच्या डॉ. आंबेडकरांना, मिळाले ते शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळूसकर. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा गुरुजींच्या नजरेत भरला. त्यांनी त्याला पुस्तकं पुरवली, स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं. पुढे पैशावाचून कॉलेज अडलं तेव्हा सयाजीरावांकडे शब्द टाकला, आणि दरमहा 25 रुपये सुरू झाले. 1913 मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर आंबेडकर कोलंबियाला गेले. पैसा संस्थानचा होता, पण मुलगा हेरला आणि वर्षानुवर्षं धरून ठेवला तो गुरुजींनी.

अमेरिकेत हेच काम संस्था काढून सुरू झालं. 1904 मध्ये न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातले अर्नेस्ट कूल्टर यांनी अडचणीतल्या मुलांसाठी ‘मोठे भाऊ’ जमवले. या कामाचा मोठा अभ्यास 1995 मध्ये आला. 10 ते 16 वयाच्या 959 मुलामुलींची दीड वर्षानं पाहणी झाली. ज्यांना असा मोठा सोबती मिळाला, त्यांच्यात अमली पदार्थांकडे वळण्याचं प्रमाण 46 टक्क्यांनी कमी होतं आणि शाळेला दांड्या निम्म्यावर आल्या होत्या. याच मुलांच्या माहितीवरचा 2002 चा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वर्षभर टिकलेल्या जोड्यांत फायदा सर्वाधिक दिसला, पण तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट घटला होता.

1917 मध्ये आंबेडकर नोकरीसाठी बडोद्याला आले. पदव्या होत्या, सरकारी हुद्दा होता, पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा कुणी देईना. पारशी धर्मशाळेतून अकराव्या दिवशी त्यांना हाकललं. गावातल्या दोन मित्रांकडे विचारलं, तिथेही सोय झाली नाही. मुंबईची गाडी रात्री नऊची होती. तोवर ते कमाटीबागेत बसून राहिले.