मॅकेम्ब्रिज, मर्सिडीज

(१६ मार्च १९१६ – २ मार्च २००४). अमेरिकन नभोनाट्य व चित्रपट अभिनेत्री. जन्म इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे, आयरिश वंशाच्या कॅथलिक कुटुंबात. शिकागोच्या मंडेलाइन कॉलेजात शिकत असतानाच त्यांना एनबीसी या अमेरिकन प्रसारण कंपनीच्या रेडिओवर काम मिळाले.

१९३०च्या दशकात शिकागो हे दैनंदिन रेडिओ मालिकांचे मोठे केंद्र होते. प्रयोग बहुधा थेट प्रक्षेपित होत आणि चूक झाली तर ती तशीच घरोघरी पोहोचे. एकच नट एकाच दिवशी वेगवेगळ्या मालिकांत वेगवेगळ्या वयांची माणसे उभी करी. चेहरा दिसत नसल्याने राग, भीती, लबाडी हे सारे श्वासातून, शब्दाच्या तुटण्यातून आणि मायक्रोफोनपासूनच्या अंतरातून दाखवावे लागे. मॅकेम्ब्रिज यांचा अभिनय या तालमीत घडला. ‘लाइट्स आउट’सारख्या भयनाट्यांत आणि ‘आय लव्ह अ मिस्टरी’ या रहस्यमालिकेत त्यांचा खर्जातला, किंचित खरखरीत आवाज गाजला. दिग्दर्शक व अभिनेते ऑर्सन वेल्स त्यांना हयात असलेल्यांतली जगातली सर्वश्रेष्ठ रेडिओ अभिनेत्री म्हणत.

चित्रपटात त्या तिशी उलटल्यावर आल्या. रॉबर्ट रॉसेन दिग्दर्शित ‘ऑल द किंग्ज मेन’ (१९४९) मध्ये त्यांनी एका महत्त्वाकांक्षी राजकारण्याची तिखट जिभेची सहकारी सेडी बर्क साकारली आणि या पहिल्याच चित्रपटासाठी साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळवले. नायिकेचा साचा त्यांना बसत नव्हता. हॉलीवूडला त्यांचे नेमके काय करावे हे पुरते उमगले नाही, असेच पुढच्या भूमिका पाहता म्हणावे लागते. तरी ‘जॉनी गिटार’ (१९५४) मधली सूडाने पेटलेली एमा आणि ‘जायंट’ (१९५६) मधली, घोड्यावर आणि घरावर सारखीच हुकमत गाजवणारी लझ बेनेडिक्ट विसरता येत नाहीत. ‘जायंट’साठी त्यांना दुसरे ऑस्कर नामांकन मिळाले. वेल्स यांच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८) मध्ये त्या काही क्षणच दिसतात, पण त्या प्रसंगातली दहशत बरीचशी त्यांच्या आवाजाची आहे.

त्यांचे सर्वांत विलक्षण काम मात्र पडद्यावर न दिसता झाले. ‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) मध्ये लिंडा ब्लेअर या बालअभिनेत्रीने रंगवलेल्या मुलीच्या तोंडून बोलणाऱ्या सैतानाला मॅकेम्ब्रिज यांनी आवाज दिला. त्यासाठी त्यांनी कच्ची अंडी गिळली, सिगारेटी ओढल्या, कित्येक वर्षांपूर्वी सोडलेली दारू पुन्हा घेतली आणि स्वतःला खुर्चीला बांधून घेतले. जन्मभर छळणाऱ्या ब्राँकायटिसची (श्वासनलिकांच्या दाहाची) घरघरही त्यांनी कामाला लावली. हे निव्वळ डबिंग नव्हते; शरीराचा प्रत्येक आवाज वापरून केलेला तो संपूर्ण अभिनय होता. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा श्रेयनामावलीत त्यांचे नाव नव्हते. त्यांनी उघडपणे निषेध केल्यावर आणि अभिनेत्यांच्या संघटनेने बाजू घेतल्यावर ते घालण्यात आले. हा आग्रह रास्तच होता. पात्राची निम्मी भीती ज्या आवाजावर उभी आहे, त्याची मालकीण निनावी राहणे अन्यायाचेच ठरले असते.

दारूच्या व्यसनाशी त्यांचा झगडा दीर्घ होता. तो न लपवता १९६९ मध्ये त्यांनी अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली आणि व्यसन हा आजार आहे, कलंक नव्हे, ही भूमिका प्रसिद्ध कलावंत म्हणून मांडली. त्या काळी असे बोलायला धैर्य लागे. १९८१ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. कॅलिफोर्नियातील ला होया येथे त्यांचे निधन झाले. हॉलीवूडच्या ‘वॉक ऑफ फेम’वर, म्हणजे कलावंतांच्या नावांचे तारे बसवलेल्या पदपथावर, त्यांच्या नावे दोन तारे आहेत, एक चित्रपटासाठी आणि एक दूरचित्रवाणीसाठी, रेडिओसाठी नाही.