शिफारशीची यादी येते कुठून? पुण्यातल्या सिनेमा-संग्रहाची पार्श्वभूमी

विद्यापीठाच्या माध्यम ग्रंथालयाच्या फलकावर तीन गोष्टी हमखास सापडतात: सिनेमाची एखादी बातमी, एखादा किस्सा आणि ‘हे जरूर पाहा’ अशी यादी. बातमी आठवड्यात शिळी होते. यादीतली जुन्या सिनेमांची नावं मात्र वर्षानुवर्षं तीच राहतात आणि यादी करणाऱ्या सरांची आवड तेवढ्यावरच अडकली आहे, अशी मुलं कुरकुर करतात. कुरकुरीत तथ्य आहे, पण थोडंच. सुरुवातीच्या काळातलं हाती उरलंच इतकं कमी आहे की यादी लांबवायची म्हटलं तरी लांबवणार कशी?

आपल्याकडे पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना देणं १९५४च्या कायद्यानं प्रकाशकांवर बंधनकारक आहे. सिनेमाला असं बंधन नव्हतं. धंदा संपला की प्रिंट अडगळीत जायची. फिल्मच्या लेपात चांदी असते, म्हणून ती काढून घेण्यासाठी कित्येक रिळं विकली गेली. १९३१चा पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ आज कुणालाच पाहता येत नाही, त्याची फक्त छायाचित्रं उरली आहेत. मूकपटांचं तर विचारूच नका. हजारावर मूकपट झाले, त्यांतले पूर्ण अवस्थेत मिळणारे बोटांवर मोजावेत इतकेच.

पुणे या गोष्टीत आलं ते प्रभात फिल्म कंपनीमुळे. १९२९मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली ही कंपनी १९३३ साली पुण्यात आली. ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ इथलेच. कंपनी बंद पडल्यावर त्याच जागेत १९६० साली सिनेमा शिकवणारी फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि फेब्रुवारी १९६४मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं. संग्रहालय पुढे लॉ कॉलेज रस्त्यावरच्या जयकर बंगल्यात गेलं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. विद्यापीठाच्या ग्रंथालयालाही त्यांचंच नाव आहे. म्हणजे गावात पुस्तकं आणि रिळं, दोन्हींच्या दारावर एकच आडनाव. हा निव्वळ योगायोग, पण फलकावर लावायला उत्तम किस्सा.

संग्रहालय घडवलं पी. के. नायर यांनी. १९६५मध्ये ते रुजू झाले आणि १९९१मध्ये निवृत्त झाले. लहानपणी सिनेमाची तिकिटं आणि वजनकाट्याची कार्डं जमवणारा हा माणूस पुढे गावोगाव फिरून रिळं जमवू लागला. कोणता प्रसंग कितव्या रिळात आहे हे ते तोंडपाठ सांगत. अंधारात सिनेमा पाहतानाही टिपणं काढायची त्यांना सवय होती. दादासाहेब फाळक्यांच्या सिनेमांची उरलेली रिळं त्यांच्याच खटपटीनं संग्रहात आली. ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच मिळाला, आणि तोसुद्धा १९१३चा नसून १९१७च्या दुसऱ्या आवृत्तीचा असावा असं काही अभ्यासकांचं मत आहे. ‘पहिला भारतीय चित्रपट’ म्हणून विद्यार्थ्यांना दाखवलं जातं ते नेमकं काय, हा वाद वर्गात रंगवण्यासारखा आहे.

पण नुसतं जमवून कोण पाहणार? प्रा. सतीश बहादूर इन्स्टिट्यूटमध्ये सिनेमाचं रसग्रहण शिकवत. सिनेमाचं तुकड्यातुकड्यानं वाचन करता येतं, हा आग्रह त्यांचा. त्यातूनच उन्हाळ्यातला तो प्रसिद्ध एफए (फिल्म अ‍ॅप्रिसिएशन, म्हणजे रसग्रहणाचा) कोर्स रुजला. देशभरातले प्राध्यापक, पत्रकार, फिल्म सोसायटीवाले तिथे येत आणि परत जाताना आपापल्या कॉलेजसाठी नावं टिपून नेत. संग्रहालयाकडे सोळा एमएमच्या, म्हणजे कमी रुंदीच्या फिल्मवरच्या, प्रिंटांचं वितरण ग्रंथालय होतं. फिल्म सोसायट्या आणि शिक्षणसंस्थांना तिथून प्रिंट मिळायच्या. ‘जरूर पाहा’ यादीचा साचा बहुधा इथेच पडला, कारण रिळांची पेटी ज्या सिनेमाची मिळेल त्याचीच चर्चा व्हायची. कर्नाटकातल्या हेग्गोडूसारख्या खेड्यापर्यंत रसग्रहणाची अशी शिबिरं पोहोचली.

१९८४पासून यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर आले, पुणे विद्यापीठातही त्यासाठी केंद्र झालं. मग व्हिडिओ कॅसेट, मग डीव्हीडी. या टप्प्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही: सोय झाली, पडदा लहान झाला.

८ जानेवारी २००३ रोजी मात्र इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या, म्हणजे सहज पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मच्या, कोठाराला आग लागली. नायट्रेट जळताना स्वतःच प्राणवायू सोडतं, त्यामुळे ते पाण्याखालीही विझत नाही. प्रभातच्या मूळ निगेटिव्हसह शेकडो सिनेमांची रिळं त्या दिवशी गेली. ज्यांच्या नंतरच्या प्रती काढलेल्या होत्या ते सिनेमे वाचले. २०२२मध्ये संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. अलीकडच्या बातम्या बहुतेक जुन्या सिनेमांच्या डिजिटल डागडुजीच्याच असतात.

कायद्याचं थोडं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या ५२व्या कलमानुसार शिक्षणसंस्थेला आपले विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी निगडित लोक यांच्यापुरता सिनेमा दाखवता येतो. दारावर ओळखपत्र विचारतात ते यासाठी, उगाच नाक मुरडू नये. शिवाय सिनेमावरचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो, त्यामुळे प्रभातच्या चांगल्या काळातले सिनेमे आता सगळ्यांसाठी खुले आहेत.

आता शिफारस. फाळक्यांच्या ‘हरिश्चंद्र’चा उरलेला भाग आणि प्रभातचा १९३२चा ‘अयोध्येचा राजा’ एकाच बैठकीत पाहा. गोष्ट तीच, पण पहिल्यात तारामती आहेत अण्णा साळुंके, कारण पडद्यावर यायला बाई तयार नव्हती. एकोणीस वर्षांनी तीच तारामती दुर्गा खोटे झाल्या. सध्या उपलब्ध असलेल्या मराठी बोलपटांत हाच सर्वांत जुना. दुसऱ्या दिवशी १९३७चा ‘कुंकू’ घ्या आणि कान उघडे ठेवा. त्यात वेगळं पार्श्वसंगीत नाही, जे ऐकू येतं ते प्रसंगातल्याच आवाजांतून. शांता आपटे मध्येच लाँगफेलोची इंग्रजी कविता गातात, तिथे मुलं हमखास चमकून एकमेकांकडे बघतात. ‘संत तुकाराम’ सगळ्यांनी पाहिलेला असतो असं समजून तो यादीतून गाळू नका. व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला हा सिनेमा टीव्हीवर अर्धामुर्धा पाहिलेलेच जास्त असतात.