मित्रजिवाणूंची पावडर पाकिटात कशी आली

मुंबईत पाऊस लागला की गच्चीवरच्या कुंड्यांत मिरची-टोमॅटोची कोवळी रोपं मातीतल्या बुरशीमुळे मातीलगत मऊ पडून कोलमडतात. त्यावर मिळणाऱ्या पांढऱ्या पावडरींत अनेकदा दोनपैकी एक जिवाणू असतो: बॅसिलस सबटिलिस किंवा स्युडोमोनास फ्लुरोसन्स.

पहिल्याची नोंद जर्मन शास्त्रज्ञ एरेनबर्गने १८३५ मध्ये केली. आजचं नाव जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड कोनने १८७२ मध्ये दिलं. मात्र जमिनीतले निरुपद्रवी जीव रोगकारकांना दाबून ठेवत असावेत, हा तर्क वनस्पतिरोगतज्ज्ञ सॅनफर्डने मांडला तो १९२६ मध्ये, बटाट्याच्या खवड्या रोगावर हिरवळीच्या खताचा परिणाम पाहताना. ते नेमकं कसं घडतं, याचा एक भक्कम पुरावा १९८० मध्ये संशोधक क्लॉपर आणि सहकाऱ्यांनी दिला. मुळांभोवतीचे स्युडोमोनास लोह घट्ट पकडणारं द्रव्य सोडतात आणि रोगकारकांची लोहावाचून उपासमार होते. बॅसिलसची तऱ्हा वेगळी. त्याची इटुरिन, फेंजिसिन ही द्रव्यं थेट बुरशीच्या पेशीपटलालाच भोकं पाडतात.

खरी अडचण होती ती जिवाणू दुकानापर्यंत जिवंत पोचवण्याची. बॅसिलस बीजाणू (टणक कवचाच्या सुप्त पेशी) करतो, म्हणून कोरड्या पावडरीत वर्षभराहून अधिक टिकतो. स्युडोमोनासला ती सोय नाही. कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठात हरभऱ्याच्या मर रोगासाठी स्युडोमोनासची टाल्कमधली (शंखजिऱ्याच्या भुकटीतली) पावडर तयार झाली. ते काम १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. एक किलो टाल्कमध्ये १५ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट (आम्लता मोडायला), १० ग्रॅम सीएमसी (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, चिकटपणासाठी), सगळं निर्जंतुक करून त्यात ४०० मिली जिवाणूद्रव, मग सावलीत सुकवणं. तरीही ही पावडर टिकते ती काही महिनेच. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तापलेलं पाकीट, तारीख शिल्लक असली तरी, घेऊ नये.

बीजप्रक्रियेला किलोभर बियाण्यामागे १० ग्रॅम पावडर लागते. बी किंचित ओलं करून चोळायचं, सावलीत सुकवून लगेच पेरायचं. फवारणीला लिटरमागे ५ ग्रॅम, तीही संध्याकाळी, कारण उन्हातल्या अतिनील किरणांत जिवाणू मरतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यामुळे पाणी उघड्या बादलीत रात्रभर ठेवून वापरावं. कोलमडलेलं रोप मात्र यानं उठत नाही. उपयोग शेजारच्या निरोगी रोपांना होतो.

आणि बोर्डो मिश्रण, कॉपर ऑक्सिक्लोराइड (दोन्ही तांब्याची बुरशीनाशकं) किंवा स्ट्रेप्टोमायसिन (प्रतिजैविक) एकाच पंपात मिसळलं, तर बुरशीआधी हे जिवाणूच मरतात. मध्ये आठ-दहा दिवस जाऊ द्यावेत.