क्षेपणास्त्र संरक्षण यंत्रणांवरच्या खर्चाचा वाद

शत्रूनं सोडलेलं मिसाईल आपल्या डोक्यावर पडायच्या आधीच, हवेत किंवा त्याहून वर अंतराळात पाडायचं, यासाठी रडार, उपग्रह, कॉम्प्युटर आणि इंटरसेप्टर मिसाईल यांची जी साखळी उभी करतात तिला क्षेपणास्त्र संरक्षण यंत्रणा म्हणतात. तिच्यावर ओतलेला पैसा सत्कारणी लागतो की वाया जातो, यावर 60 वर्षं झाली तरी एकमत नाही. हा वाद मुख्यतः अमेरिकेतला, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथेच गेलाय, पण आता इस्रायल, युक्रेन आणि आपल्याकडेही तोच प्रश्न येऊन उभा राहिलाय. बहुतेक गोंधळ एकाच गोष्टीमुळे होतो: गाझातून येणारं गावठी रॉकेट आणि रशियाचं अणुबॉम्ब घेऊन येणारं आंतरखंडीय मिसाईल, दोघांना एकाच मापानं मोजलं जातं. एक पाडता आलं म्हणून दुसरंही पाडता येईल असं अजिबात नाही, आणि पैशाचा हिशोब तर दोन्हीकडे पूर्ण वेगळा.

नेकोमा आणि पहिलं भांडण

1967 मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी सेंटिनेल नावाची यंत्रणा जाहीर केली, आणि त्याच भाषणात हेही सांगितलं की सोव्हिएत युनियनच्या पूर्ण ताकदीच्या हल्ल्यापुढे अशी यंत्रणा टिकणार नाही, आपण बांधली की ते अजून मिसाईल बांधतील, म्हणून ही फक्त चीनच्या छोट्या हल्ल्यापुरती. म्हणजे आजपर्यंत जो मुद्दा चघळला जातोय तो पहिल्याच दिवशी सरकारच्याच माणसानं मांडून ठेवला होता. त्या काळचे इंटरसेप्टर स्वतःच अणुबॉम्ब घेऊन वर जायचे, येणाऱ्या मिसाईलजवळ फुटायचे, त्यामुळे बॉस्टन, शिकागो, सिएटलच्या उपनगरांतली माणसं चिडली की आमच्या घराशेजारी हे नको. शास्त्रज्ञांचा आक्षेप वेगळा होता, हान्स बेथ आणि रिचर्ड गार्विन यांनी 1968 मध्ये जाहीर लेख लिहून दाखवलं की साध्या युक्त्यांनी ही यंत्रणा फसवता येते, आणि वर तिचेच अणुस्फोट तिच्याच रडारला आंधळं करतील.

निक्सन आल्यावर नाव बदलून सेफगार्ड झालं आणि आता शहरांऐवजी मिसाईलचे तळ वाचवायचे ठरलं. 1969 च्या ऑगस्टमध्ये सिनेटमध्ये मतं पडली 50 विरुद्ध 50, उपाध्यक्ष अ‍ॅग्न्यू यांच्या मतावर प्रकल्प वाचला. मग 1972 मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत युनियननं एबीएम (अँटी-बॅलिस्टिक मिसाईल) करार केला की अशा यंत्रणा दोघांनीही मोजक्याच ठेवायच्या, कारण ढाल वाढली की समोरचा भाले वाढवतो हे दोघांनाही पटलं होतं. नॉर्थ डकोटात नेकोमा नावाच्या छोट्या गावाजवळ सेफगार्डचा एकमेव तळ पूर्ण झाला, 1 ऑक्टोबर 1975 ला तो पूर्ण क्षमतेनं सुरू झाला, आणि दुसऱ्याच दिवशी, 2 ऑक्टोबरला, अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहानं तो बंद करायच्या बाजूनं मत दिलं. काही महिन्यांत कुलूप लागलं. खर्च झाला होता सुमारे 6 अब्ज डॉलर. त्या रडारची काँक्रीटची, वरून कापलेल्या पिरॅमिडसारखी इमारत शेतांच्या मधोमध अजून उभी आहे.

एवढं अवघड का

मिसाईलच्या प्रवासाचे तीन टप्पे असतात. पहिला इंजिन जळत असतानाचा, तो तीन-पाच मिनिटांचा, तेव्हा पाडणं सगळ्यात चांगलं पण तेवढ्या जवळ तुम्ही असायला पाहिजे. मधला टप्पा अंतराळातला, आंतरखंडीय मिसाईलच्या बाबतीत 20 मिनिटांच्या आसपास, वेळ भरपूर मिळतो. आणि शेवटचा खाली येतानाचा, तो मिनिटभराचाच.

मधल्या टप्प्यात वेळ आहे तर मग अडचण काय, असं वाटेल. अडचण अशी की तिथे हवा नाही. हवा नसली की जड वॉरहेड (मिसाईलच्या टोकावरचा बॉम्बचा भाग) आणि ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला हलका फुगा दोन्ही एकाच वेगानं, एकाच वाटेनं जातात. 20 रिकामे फुगे सोडले आणि वॉरहेडही आणखी एका फुग्यात घातलं की लांबून बघणाऱ्या रडारला 21 फुगे दिसतात. खऱ्यावर नेम धरायचा तर सगळ्यांवरच धरावा लागतो. जो देश आंतरखंडीय मिसाईल बनवू शकतो त्याला फुगे बनवणं जड नाही, आणि हीच गोष्ट यंत्रणेचे टीकाकार बेथ-गार्विनपासून आजपर्यंत सांगत आलेत.

1983 च्या मार्चमध्ये रीगननी टीव्हीवर भाषण करून अणुमिसाईल निकामी करणारी ढाल बनवायची हाक दिली. त्यामागची तळमळ खरी होती, सूड घेण्यापेक्षा जीव वाचवणं बरं, हा विचार कुणालाही पटावा असाच आहे. पण त्यांचेच सल्लागार पॉल नित्झे यांनी 1985 मध्ये एक कसोटी घालून दिली, आणि या सगळ्या वादातलं सगळ्यात कामाचं वाक्य मला तरी तेच वाटतं: यंत्रणा स्वतः हल्ल्यात टिकली पाहिजे, आणि शत्रूला एक मिसाईल वाढवायला जेवढा खर्च येतो त्यापेक्षा आपल्याला ते पाडायची सोय वाढवायला कमी खर्च आला पाहिजे. रीगनची अवकाशातली ढाल या कसोटीला कधी उतरली नाही. 10 वर्षांत सुमारे 30 अब्ज डॉलर खर्चून 1993 मध्ये तो कार्यक्रम गुंडाळला, नाव बदललं, रोख छोट्या मिसाईलकडे वळला.

दहरान, 25 फेब्रुवारी 1991

आखाती युद्धात इराकची स्कड मिसाईल पाडायला लावलेली अमेरिकेची पॅट्रियट यंत्रणा रातोरात हिरो झाली. थोरले बुश यांनी 15 फेब्रुवारीला पॅट्रियटच्या कारखान्यात जाऊन सांगितलं की 42 पैकी 41 स्कड अडवली. 10 दिवसांनी सौदीतल्या दहरानमध्ये एक स्कड अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडलं आणि 28 जण मेले. पॅट्रियटनं त्याच्यावर मिसाईल सोडलंच नव्हतं.

झालं असं होतं की यंत्रणेचं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजायचं, आणि एक दशांश हा आकडा कॉम्प्युटरच्या बायनरीत नेमका बसत नाही, शेपूट कापावं लागतं. ती चूक केसाएवढी. पण दहरानची ती पॅट्रियट बॅटरी (म्हणजे रडार आणि लाँचरचा संच) 100 तासांहून जास्त सलग चालू होती, साचत साचत चूक सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढी झाली, आणि तेवढ्या वेळात स्कड अर्धा किलोमीटरहून जास्त पुढे जातं. रडार चुकीच्या जागी बघत राहिलं, तिथे काही नाही म्हणून गप्प बसलं. मशीन मधूनमधून बंद करून चालू केलं असतं तरी भागलं असतं. इस्रायलींनी दोन आठवडे आधी हा दोष कळवलाही होता, दुरुस्त सॉफ्टवेअर दहरानला पोचलं 26 फेब्रुवारीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी. मेलेल्यांत 13 जण पेनसिल्व्हेनियाच्या एका राखीव तुकडीचे होते, त्यांचं काम पाणी शुद्ध करायचं, सौदीत येऊन त्यांना आठवडाही झाला नव्हता.

युद्धानंतर एमआयटीचे थिओडोर पोस्टल यांनी व्हिडिओ तपासून सांगितलं की यश जवळजवळ शून्य होतं, लष्करानं ते मान्य केलं नाही पण स्वतःचे दावे खाली आणले, आणि अमेरिकी संसदेच्या हिशेब तपासनिसांनी 1992 मध्ये म्हटलं की वॉरहेड निकामी केल्याचा पक्का पुरावा जेमतेम 9 टक्के प्रसंगांत आहे. तेव्हापासून यशाचा कुठलाही सरकारी आकडा आला की पहिला प्रश्न हाच असतो, मोजलं कुणी आणि कसं.

ढाल आणि तिची प्रतिक्रिया

2002 मध्ये धाकटे बुश एबीएम करारातून बाहेर पडले आणि 2004 पासून अलास्का आणि कॅलिफोर्नियात इंटरसेप्टर बसवले गेले, ते पुढे 44 झाले. यावर 40 अब्ज डॉलरच्या वर खर्च झालाय, आणि आधीपासून ठरवून घेतलेल्या चाचण्यांतही निम्म्याच्या आसपास यश आहे. समर्थक म्हणतात की हे रशियासाठी नाहीच, उत्तर कोरियानं एखाद-दुसरं सोडलं किंवा चुकून सुटलं तर काहीतरी हातात पाहिजे, निम्मी शक्यता शून्यापेक्षा बरी. हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही, कारण एका शहराची किंमत कशात मोजणार. पण समोरचा ऐकत असतो. 2018 मध्ये पुतिन यांनी नवी शस्त्रं दाखवली तेव्हा थेट एबीएम करार मोडल्याचा दाखला दिला.

आपल्या शेजारीही हेच घडलं. भारतानं 2006 च्या नोव्हेंबरमध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर पहिली इंटरसेप्टर चाचणी घेतली, 2012 मध्ये दिल्ली आणि मुंबईला आधी कवच मिळणार अशा बातम्या आल्या. 2017 मध्ये पाकिस्ताननं अनेक वॉरहेड नेणाऱ्या अबाबीलची चाचणी केली आणि कारण सांगितलं ते भागात वाढत चाललेल्या मिसाईल संरक्षणाचंच. मुंबईकरानं हे नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण मिसाईल यायला लागणारी मिनिटं हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच आहेत. विमानं, ड्रोन, क्रूझ मिसाईल यांच्यासाठी घेतलेली रशियाची एस-400 (2018 चा करार, 5 युनिट, 5 अब्ज डॉलरच्या वर) ही वेगळी गोष्ट, ती 2025 च्या मे महिन्यात वापरलीही गेली, आणि तिच्या जोरावर अणुहल्ला अडवता येईल असा अर्थ कुणी काढू नये. 15 ऑगस्ट 2025 ला पंतप्रधानांनी 2035 पर्यंतचं, देशाला संरक्षण कवच द्यायचं सुदर्शन चक्र मिशन जाहीर केलंय, त्यातही काय अडवायचंय हे आधी ठरलं तरच खर्चाला अर्थ येईल.

जिथे चाललं तिथे

आयर्न डोम ही इस्रायलची छोटी रॉकेटं पाडणारी यंत्रणा 2011 पासून काम करतेय. तिचं एक तामीर मिसाईल 40-50 हजार डॉलरचं आणि समोरचं रॉकेट काहीशे डॉलरचं, म्हणजे नित्झेंच्या कसोटीवर ती सरळ नापास. तरीही माझ्या मते ते पैसे योग्य जागी गेले, कारण मोकळ्या जागेत पडणारं रॉकेट ती सोडून देते, वस्तीवर येणाऱ्यावरच मिसाईल खर्च करते, आणि इस्रायलची तिजोरी समोरच्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. मुख्य म्हणजे दोन-चार रॉकेटं सुटली तरी शहरावर आभाळ कोसळत नाही, अणुबॉम्बच्या बाबतीत एक सुटलं तरी सगळं संपलं. कीवमध्येही 2023 पासून पॅट्रियटनं बॅलिस्टिक मिसाईल पाडलीत, तिथल्या लोकांना या खर्चाचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नाही.

पण इथेही साठा संपतो. 2025 च्या जूनमध्ये इराणनं 12 दिवसांत 500 हून जास्त बॅलिस्टिक मिसाईल सोडली, बहुतेक हवेतच पाडली गेली, तरी तेल अवीव, हैफा, बीरशेबात काही पोचलीच आणि माणसं मेली. तिथे वापरलेलं अमेरिकेच्या थाड यंत्रणेचं इंटरसेप्टर एक नग एक कोटी डॉलरच्या वर जातं, पॅट्रियटचं नवं मिसाईल 40 लाखांच्या आसपास, आणि दोन्ही वर्षाला मोजकीच बनतात. म्हणजे आता नुसता पैशाचा प्रश्न राहिलेला नाही, कारखाने किती वेगानं बनवतात हाही आहे, आणि एकाच साठ्यावर कीव, तेल अवीव आणि तैवानची काळजी करणारे सगळेच डोळे लावून बसलेत.

त्यातच 20 मे 2025 ला ट्रम्प यांनी अख्ख्या अमेरिकेसाठी गोल्डन डोम नावाची ढाल जाहीर केली, 175 अब्ज डॉलर आणि तीनेक वर्षं असा अंदाज देऊन. त्यात अवकाशात फिरणारे इंटरसेप्टर आहेत. खालच्या कक्षेतला उपग्रह दीड तासात पृथ्वीला फेरी मारतो, त्यामुळे योग्य वेळी योग्य जागेवर एक तरी असावा म्हणून एका मिसाईलमागे शेकड्यांनी फिरते ठेवावे लागतात, समोरच्यानं त्याच जागेवरून एकदम 10 सोडली की गरज 10 पट. अमेरिकी संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयानं नुसत्या या अवकाशी भागाचा 20 वर्षांचा खर्च 161 ते 542 अब्ज डॉलर धरलाय, आणि तोही उत्तर कोरियासारख्या देशाकडून येणारी एक-दोन मिसाईल अडवायची एवढंच गृहीत धरून.