तुंबलेली शीर न उघडता

डोळ्याच्या पडद्यातली शीर तुंबली की डॉक्टर ती मोकळी करत असतील, असं रुग्णाला वाटणं साहजिक आहे. पण आजही ती कोणी उघडत नाही.

१८५१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने ऑप्थॅल्मोस्कोप, म्हणजे डोळ्यात डोकावून पाहायचं उपकरण, आणलं आणि जिवंत डोळ्याचा पडदा पाहता येऊ लागला. पडदाभर उडालेले रक्ताचे शिंतोडे लवकरच डॉक्टरांच्या नजरेस पडले. मुख्य शिरेतल्या गुठळीशी त्यांचा संबंध १८७८ मध्ये युलियुस फॉन मिशेल यांनी जोडला. शिरेची लहान फांदी तुंबते ती बहुधा धमनी जिथे तिला ओलांडते तिथेच. त्या जागी दोघींचं वेष्टन एकच असतं. रक्तदाबाने कडक झालेली धमनी शिरेला दाबते. शीर तुंबली की पडद्यात पाझर होऊन सूज येते आणि नजर कमी होते.

निदान कळलं, पण उपचार सापडायला शतक गेलं. रक्त पातळ करणारी औषधं झाली, पुढे वेष्टन कापायची शस्त्रक्रियाही झाली. रुजलं काहीच नाही. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत फांदी तुंबलेल्यांना लेझर दिला. तीन वर्षांनी लेझर घेतलेल्यांपैकी ६५ टक्के डोळ्यांची नजर डोळे तपासायच्या तक्त्यावर दोन ओळींनी सुधारली होती, न घेतलेल्यांपैकी ३७ टक्के. मुख्य शिरेच्या रुग्णांना मात्र १९९५ च्या निकालाने निराश केलं: लेझरने सूज ओसरली, नजर तिथेच राहिली.

वाट निघाली ती वेगळ्याच दिशेने. रक्त न मिळालेला पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो आणि त्याने रक्तवाहिन्या पाझरतात, हे १९९० च्या दशकात स्पष्ट होत गेलं. २००५ मध्ये मायामीत रोझेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी हे प्रथिन अडवणारं बेव्हासिझुमॅब, म्हणजे आतड्याच्या कर्करोगाचं औषध, मुख्य शीर तुंबलेल्या डोळ्यात टोचलं. सूज उतरली. डोळ्यासाठीच बनवलेल्या रॅनिबिझुमॅबला अमेरिकेत या आजारासाठी २०१० मध्ये मंजुरी मिळाली. मुख्य शिरेच्या चाचणीत सहा महिन्यांत पूर्ण मात्रा घेतलेल्यांनी तक्त्यावरची सरासरी १५ अक्षरं जास्त वाचली. लटकं, म्हणजे औषधाविना नुसतं दिल्यासारखं केलेलं, इंजेक्शन मिळालेल्यांनी जेमतेम एक.

भारतात प्रश्न किमतीचा होता. म्हणून स्वस्त बेव्हासिझुमॅब इथे आधीपासून चालत आलं, आणि २०१५ मध्ये रॅनिबिझुमॅबची देशी आवृत्तीही बाजारात आली. बेव्हासिझुमॅब सहा महिन्यांत हेच प्रथिन अडवणाऱ्या महागड्या अफ्लिबरसेप्टच्या तोडीस उतरतं, हे २०१७ च्या अमेरिकी चाचणीत दिसलं. पण औषधाचा असर महिना-दीड महिन्यात ओसरतो, शीर तर तुंबलेलीच असते. त्यामुळे कित्येकांना इंजेक्शनं वर्षानुवर्षं घ्यावी लागतात.