साखर तोडल्याने गाठ उपाशी मरत नाही

‘गोड बंद करा, कॅन्सरची गाठ उपाशी मरेल’ हा सल्ला तोंडाच्या-घशाच्या रेडिएशनवाल्यांना हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. खाणं तोडलं तरी रक्तातली साखर शून्यावर येत नाही. स्नायू झिजवून यकृत ती बनवत राहतं. म्हणजे वाळतो पेशंट, गाठ नव्हे. त्यात ६-७ आठवडे उपचार, तोंड सोललेलं, लाळ आटलेली. वजन तसंही उतरतंच. गाल बसले की रेडिएशन घेताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर घालतात तो घट्ट मास्क सैल होतो, कधी तो नव्याने करून किरण कुठे, किती द्यायचे याचं प्लॅनिंगही पुन्हा करावं लागतं. रोज वजनाच्या किलोमागे साधारण ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. गिळवेना तर नाकातून नळी. बहुतेकांची ती पुढे निघतेही. मधुमेह असेल तर मात्र गोडाचं डॉक्टरांना विचारूनच.