जॉन क्रॉस्बी (कॅनडाचे मत्स्य आणि महासागर मंत्री)

जॉन क्रॉस्बी (१९३१–२०२०) हे कॅनडातल्या न्यूफाउंडलंड प्रांताचे नेते, १९९१ ते १९९३ देशाचे मत्स्य आणि महासागर मंत्री, आणि कॉड या समुद्री माशाची मासेमारी बंद करायची घोषणा त्यांनीच केली. तसं अर्थ, न्याय, वाहतूक, परराष्ट्र व्यापार अशी मोठमोठी खाती त्यांच्याकडे होऊन गेली, अमेरिकेसोबतच्या मुक्त व्यापार करारासाठी ते जोरात भांडले, पण त्यांचं नाव निघालं की लोकांना आधी कॉडच आठवतो.

जन्म सेंट जॉन्सचा, घराणं व्यापारी, शिक्षण वकिलीचं. १९६६ मध्ये प्रांताचे पंतप्रधान (प्रीमियर) जोई स्मॉलवूड यांच्या लिबरल सरकारात मंत्री झाले, १९६८ ला तेलशुद्धीकरण कारखान्याच्या पैशांवरून बिनसलं आणि बाहेर पडले, मग १९७१ ला थेट प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्षात. १९७६ ला पोटनिवडणूक जिंकून ओटावाला, म्हणजे देशाच्या संसदेत गेले. १९७९ मध्ये अर्थमंत्री म्हणून बजेट मांडलं त्यात पेट्रोलवर गॅलनमागे १८ सेंट टॅक्स होता, सरकार अल्पमतातलं, दोन दिवसांत पडलं. १९८३ ला पक्षाच्या नेतेपदासाठी उभे राहिले पण फ्रेंच येत नव्हतं ते नडलं, ब्रायन मल्रोनी जिंकले.

आता कॉडचं. न्यूफाउंडलंडची वस्तीच मुळात या माशावर उभी राहिली. १९५० नंतर परदेशी फॅक्टरी ट्रॉलर (मासे पकडून जहाजावरच साफ करून गोठवणारी मोठी जहाजं) आले, १९६८ ला एका वर्षात आठ लाख टनांच्या आसपास कॉड उपसला गेला. १९७७ ला कॅनडाने किनाऱ्यापासून २०० मैलांची मासेमारीची हद्द केली, बाहेरचे बरेचसे गेले, पण मग देशातलेच मोठे ट्रॉलर त्या जागी आले आणि सरकारी शास्त्रज्ञांचे साठ्याचे अंदाज फुगलेले निघाले. किनाऱ्यालगत छोट्या होड्या घालणारे मच्छीमार ८० च्या दशकातच सांगत होते की मासा कमी येतोय, लहान येतोय, तेव्हाच कोटा, म्हणजे किती मासा पकडायचा ती मर्यादा, नीट कापायला हवा होता. त्या चुका क्रॉस्बी मत्स्य खात्यात यायच्या आधीपासूनच्या, पण आधीच्या मंत्रिमंडळातही ते होतेच, त्यामुळे सगळं अंगावरून झटकता येत नाही.

१ जुलै १९९२ ला बे बुल्स गावात चिडलेल्या मच्छीमारांनी त्यांना घेरलं, तेव्हा माझ्यावर का ओरडताय, पाण्यातले मासे मी नाही काढले, असं ते तिथेच बोलले. दुसऱ्या दिवशी सेंट जॉन्सच्या हॉटेलात दोन वर्षांची बंदी जाहीर केली. कोकणातल्या पावसाळी बंदीसारखी ही दोन महिन्यांची गोष्ट नव्हती, होड्या, मासे साफ करणारे कारखाने (फिश प्लांट), सगळंच थांबलं, ३० हजारांच्या आसपास लोकांचा रोजगार गेला. भरपाई आठवड्याला फक्त २२५ डॉलर, त्यात घर कसं चालणार, मच्छीमार घोषणा चालली होती त्या खोलीचे बंद दरवाजे फोडून आत घुसायला बघत होते आणि हे सगळं टीव्हीवर दिसत होतं. मग ती रक्कम वाढवून जास्तीत जास्त ४०६ डॉलर केली. बंदी गरजेचीच होती, उशीर झालेला, पण पहिली रक्कम खरंच अपमानास्पद होती. आपल्याच मतदारांसमोर उभं राहून हे सांगायला धाडस लागतं, ते मात्र त्यांच्यात होतं.

१९९३ ला निवडणुकीच्या राजकारणातून बाहेर पडले, २००८ ते २०१३ न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोर (प्रांताचं आताचं नाव) इथले लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे राजसत्तेचे प्रांतातले प्रतिनिधी होते, तिथे सील शिकाऱ्यांच्या पाठिंब्यासाठी सीलच्या कातड्याचा कोट घालायचे. दोन वर्षांची म्हणून लावलेली बंदी शेवटी २०२४ ला उठवली, तीही १८ हजार टनांच्या कोट्यावर.